फिकट रोपं

आमच्या शेजारच्या वहिनींना सगळी गल्ली धसकाबाई म्हणते. नाव मीच ठेवलं, लपवायचं काय त्यात! कुकरची शिट्टी झाली तरी या छातीवर हात ठेवतात. दारात पोस्टमन दिसला की आधी "कोण गेलं?" आणि मग "या."

अशी बाई सार्वजनिक बागेत माळीकाम करते, तेही रोजंदारीवर. गेल्या हंगामात अधीक्षक साहेब म्हणाले, "फाटकापासून कारंज्यापर्यंत भरगच्च फुलांचा काठ करून दाखवा, मग पक्क्या नोकरीचं बघू." झालं! धसका घ्यायला नवं कारण मिळालं.

फूल 'स्टॉक' नावाचं, विलायती. वीतभर, आटोपशीर झाड, लवंगेसारखा वास, कापून पाण्यात ठेवलं तर आठवडाभर टिकतं. पण त्याची एक खोड आहे. एकाच डबीतल्या बियांतून निम्मी झाडं भरगच्च पाकळ्यांची निघतात आणि निम्मी साधी, चार पाकळ्यांची. ओळखायचं रोपातच. ट्रे चार दिवस थंडीत ठेवले की भरगच्च फुलांची रोपं फिकट, पिवळट पडतात आणि साधी गडद हिरवी राहतात. मग गडद ती उपटायची. म्हणजे धट्टंकट्टं फेकायचं आणि आजारी दिसतं ते जपायचं, सगळा उलटा कारभार.

वहिनींनी घरच्या ओसरीवर ट्रे थंडीत ठेवले आणि नेमकं तेव्हाच त्यांच्या बहिणीचं ऑपरेशन निघालं. वहिनी दोन दिवस गेल्या. जाताना नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, गडद उपटायची, फिकट ठेवायची. म्हणून दाखवा."

"गडद उपटायची, फिकट ठेवायची. जा आता, गाडी चुकेल."

भाऊजी घड्याळं दुरुस्त करतात. सकाळी डोळ्याला भिंग लावून, चिमटा घेऊन ट्रेपुढे बसले. माझ्याकडे बघून म्हणाले, "बघा, ही फिकट तर मरायला टेकलीत. ही बिचारी घाबरून उलटं सांगून गेली."

मी कुंपणावरून म्हटलं, "तुमची बायको शिट्टीला दचकते, तिला गडद-फिकट कुठे लक्षात राहतंय!" माझी जीभ, दुसरं काय. तासाभरात भाऊजींनी एकूण एक पिवळं रोप निवडून खताच्या पिंपात टाकलं. काम मात्र नीटस, घड्याळजीचं.

वहिनी आल्या, ट्रे बघितले आणि गप्प बसल्या. शिट्टीला दचकणारी बाई गप्प! त्या दिवशी मी पहिल्यांदा घाबरले. मग पिंपात कोपरापर्यंत हात घालून त्यांनी रोपं शोधली. जगली नऊ. बियांची डबी रिकामी होती आणि पुन्हा पेरायची वेळ निघून गेली होती, म्हणून बाकीच्या काठाला गडद रोपंच लावली.

पुढचे तीन महिने त्या घरात कुणी मोठ्याने बोललं नाही. भाऊजी चहासुद्धा विचारून पिऊ लागले. वहिनी रोज बागेत जाऊन एकेक कळी चाचपायच्या, गच्च लागते की पोकळ. "पोकळ," घरी येऊन म्हणायच्या, "आज चौदा पोकळ." चेहरा पांढराफटक. त्यांना चिडवायला एकही शब्द माझ्या तोंडाला येईना. नऊ झाडं त्यांनी अगदी फाटकाशी लावली होती, साहेबांची गाडी थांबते तिथे.

पाहणीच्या दिवशी मी मुद्दाम भाजीची पिशवी घेऊन फाटकाशी रेंगाळले. साहेब उतरले, वाकले. नऊ झाडं फुलांनी लगडलेली. "वा! हेच हवं होतं मला." आणि मागे वळून गाडीचं दार उघडलं. आता वहिनींनी फक्त गप्प राहायचं होतं. मी मनात म्हटलं, गप्प बस बाई, जन्मात एकदा भीतीचा उपयोग होऊ दे.

वहिनींनी झारी खाली ठेवली आणि छातीवर हात ठेवला. "साहेब," त्या म्हणाल्या, "पुढेही बघा. पुढे सगळी साधीच आहेत. निवडताना चूक झाली."

"कुणाची?"

"माझ्या घरची."

साहेब कारंज्यापर्यंत चालत गेले आणि तसेच परत आले. चेहऱ्यावर काही दिसेना. "वास तोच आहे."

"वास तोच असतो, साहेब. आणि बी फक्त हीच धरतात. भरगच्च फुलाला बी येतच नाही. ही कापू नका, वाळू द्या." आयुष्यात बाईने पहिल्यांदा कुणाकडे काही मागितलं.

"पक्क्याचं आत्ता नाही. अजून एक हंगाम रोजंदारीवरच," साहेब म्हणाले. "बी धरा."

यंदा सहा डब्या भरून बी आहे. काल वहिनी ओसरीवर ट्रेपुढे बसल्या होत्या, छातीत धडधड नेहमीचीच. भाऊजी शेजारी, दोन्ही हात पाठीमागे बांधून. वहिनींनी न बघताच हात पुढे केला, "चिमटा." त्यांनी दिला. वहिनींनी पहिलं गडद रोप उपटलं, मग कुंपणाकडे बघून मला म्हणाल्या, "आणि तुम्ही आत जा."