पेट्रोलच्या नळीतली कुंभारीण

नाचणगावच्या ज्योत्स्नाताईंच्या गॅरेजमध्ये गिऱ्हाईक गाडीशेजारी उभं राहून सल्ले द्यायला लागलं, की त्या त्याला काहीतरी काम देतात. एका मास्तरांना त्यांनी पाऊण तास स्टेपनीवर बसवून ठेवलं होतं, हवा जाते का बघा म्हणून. तेवढ्या वेळात गाडी दुरुस्त झाली आणि हवा गेली नाही या समाधानात मास्तर घरी गेले.

ताईंचं माहेर रोहण्याचं. वडिलांच्या विहिरीवर डिझेल इंजिन होतं. पाइपात हवा धरली की ते बंद पडायचं, आणि नट सैल करून ती हवा काढायचं काम बाराव्या वर्षापासून ज्योत्स्नाकडे होतं, कारण तिच्या दोन्ही भावांना डिझेलच्या वासाने मळमळायचं. लग्न होऊन त्या नाचणगावला आल्या, तेव्हा सासरे अण्णाजी स्कूटर दुरुस्त करायचे. पहिलं वर्षभर सून दुकानात फक्त चहा घेऊन जायची. दुसऱ्या वर्षी चहा सासरे आणायला लागले. आता ताई पंचेचाळीस वर्षांच्या आहेत आणि पुलगाव-देवळीकडच्या निम्म्या गाड्या त्यांच्या हाताखालून जातात.

गेल्या हिवाळ्यात पुलगावचा धनंजय त्यांच्याकडे गाडी घेऊन आला. घरचं बी-बियाण्यांचं दुकान, वय सव्वीस, आणि सगळा जीव त्या गाडीत. साधी छोटी पेट्रोल गाडी होती, पण दूरच्या एका गॅरेजवाल्याने तिला टर्बो बसवून दिला होता, टाकीत मोठा पंप घातला होता आणि पेट्रोलच्या टाकीला लाल अ‍ॅल्युमिनियमचं चकचकीत झाकण लावलं होतं. धनंजयबरोबर त्याचा मित्र योगेंद्र होता. योगेंद्रने गाड्यांचे व्हिडिओ फार पाहिलेले होते.

"ताई, दहा-बारा किलोमीटर मस्त पळते," धनंजय म्हणाला. "मग झटके देते, अन् बंद पडते. थोडा वेळ थांबलो की पुन्हा चालू."

"प्रेशर पडून राह्यलं," योगेंद्र म्हणाला. "पंपच चुकीचा हाये."

"पंप दोनदा बदलला. फिल्टर बदलला, रेग्युलेटर बदलला. पाच मेकॅनिक झाले."

ताईंनी योगेंद्रकडे पाहिलं. "तुले आकडे लिहिता येतात का?"

त्याला वही मिळाली.

त्यांनी इंजिनकडे जाणाऱ्या पेट्रोलच्या नळीला प्रेशर मीटर जोडलं. गाडी जागेवर चालू केली, तर काटा तीनवर. जागेवरच जोरात रेस केली, तरी काटा तीनच्या वरच. योगेंद्र प्रत्येक आकड्यापुढे वेळ लिहीत होता आणि बोलत नव्हता.

"उभ्या गाडीले काही दुखतच नाई," ताई म्हणाल्या. "तिले चालवून पाह्यतो."

मीटरची नळी लांब करून त्यांनी बोनेटच्या फटीतून बाहेर काढली आणि मीटर काचेवर चिकटपट्टीने असं लावलं की आतून काटा दिसावा. जोड दोनदा पुसून पाहिले, कुठे थेंब नाही याची खात्री केली आणि दोघांना गाडीत घेऊन आर्वीच्या रस्त्याला लागल्या. आठ किलोमीटरपर्यंत काटा हलला नाही. मग तो पावणेतीनवर आला, अडीचवर आला. रोहण्याच्या अलीकडे दोनच्या खाली गेला आणि गाडीने पहिला झटका दिला.

ताईंनी गाडी कडेला घेतली आणि इंजिन चालूच ठेवलं.

"बोनेट उघडू?" धनंजयने विचारलं.

"नको. टाकीचं झाकण उघड. हळू."

धनंजयने लाल झाकण फिरवलं. आतून हूऽऽस असा लांब आवाज आला. टाकी बाहेरची हवा ओढून घेत होती. काचेवरचा काटा दोनवरून उठला आणि तीनवर जाऊन बसला.

योगेंद्रने तेही लिहिलं.

"पेट्रोल बाहेर गेलं की त्याच्या जागी हवा आत याले पाह्यजे," ताई म्हणाल्या. "तुह्या टाकीत हवा जाऊनच नाई राह्यली. आत पोकळी होते, मग पंपानं किती बी ओढलं तरी पेट्रोल येत नाई. कंपनीचं झाकण असतं तर त्यानं थोडी हवा घेतली असती. हे नुसतं लाल हाये."

गॅरेजवर परतल्यावर त्यांनी गाडी वर उचलली. पेट्रोलची वाफ धरून ठेवणारा कोळशाचा डबा त्या दूरच्या गॅरेजवाल्याने काढून टाकला होता आणि टाकीची श्वास घ्यायची नळी मागच्या चाकाजवळ मोकळी सोडली होती. ताईंनी तिच्या तोंडाशी बोट नेलं. आत काहीतरी होतं. पक्कडीने ओढलं तर हातात एक बूच आलं. औषधाच्या बाटलीचं, वर जांभळ्या लुगड्याची चिंधी गुंडाळलेली आणि दोऱ्याने बांधलेली. गाठ अशी, जशी लोणच्याच्या बरणीवर फडकं बांधताना मारतात.

धनंजय पलीकडे फोनवर होता. ताईंनी बूच खिशात टाकलं.

"सापडलं का काही?" त्याने येऊन विचारलं.

"कुंभारीण," ताई गंभीरपणे म्हणाल्या. "मातीचं घर बांधलंतं नळीत. काढलं मी."

धनंजयने कपाळाला हात लावला. पाच मेकॅनिक, दोन पंप आणि एक माशी. योगेंद्रला मात्र फार आनंद झाला. त्याने नळीचा व्हिडिओ काढला.

"गाडी आज इथंच राहू दे," ताई म्हणाल्या. "अन् घरी ती कुठं उभी राह्यते तेवढं मले पाहू दे. कुंभारीण परत याची."

संध्याकाळी त्या धनंजयच्या घरी गेल्या. गाडी मागच्या अंगणात, स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून उभी राहायची. धनंजय दुकानात होता. त्याच्या आई, सुलोचनाबाई, यांनी ताईंना स्वयंपाकघरात बसवून चहा दिला. ताईंनी खिशातून बूच काढून बशीशेजारी ठेवलं.

सुलोचनाबाईंनी आधी चहात साखर ढवळली. "पाच जणांच्या नजरेत नाई आलं," त्या म्हणाल्या. "तू हुशार हायेस."

"काऊन लावलं, काकू?"

"वासापाई. पोळीले पेट्रोलचा वास, वरणाले पेट्रोलचा वास. त्याले दहा वेळा सांगतलं, तो ऐकून नाई राह्यला. मग एक दिवस मीच नळी हुंगत गेली अन् बूच मारलं." त्यांनी चहाचा घोट घेतला. "मग पाह्यलं, तर गाडी रोहण्याच्या पुढं जाईच ना. आधी तो रोहण्यापल्याडच्या मोठ्या हायवेवर जाऊन गाडी पळवे, मी देवापुढं बसून राहो. आता जेवाच्या टायमाले घरी. म्हटलं, राहू दे."

"अन् सैल झालं तर?"

"दर सोमवारी दाबून देत होती."

ताईंना हसू आलं होतं, पण त्यांनी ते चहाबरोबर गिळलं. "काकू, भर वेगात पेट्रोल कमी पडलं की असं टर्बोवालं इंजिन आतून जळते. ते जाऊ द्या. पण भर रस्त्यावर ती मधातच बंद पडली असती, अन् मागून ट्रक असता तर?"

सुलोचनाबाईंचा हात बशीवरच राहिला. मग त्यांनी बूच उचललं आणि चुलीशेजारच्या केराच्या डब्यात टाकलं.

"वासाचं माह्याकडं लागलं," ताई म्हणाल्या. "कोळशाचा डबा परत बसवून देतो. पण हायवेचं तुम्ही त्याच्याशी बोला. तोंडानं."

"तू त्याले सांगतलं का?"

"मी कुंभारीण सांगतली."

आता सुलोचनाबाई हसल्या. पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत हसल्या.

ताईंनी कोळशाचा डबा बसवला, कंपनीचं झाकण लावलं आणि टर्बोचा दाबही थोडा उतरवून दिला, तसं धनंजयला सांगूनच. तो कुरकुरला, पण काटा रोहण्याच्या पुढे, थेट आर्वीपर्यंत तीनवर राहिलेला पाहून गप्प झाला.

आठवडाभराने तो एकटाच गॅरेजवर आला. आईने जेवताना सगळं सांगून टाकलं होतं. ती रडली होती, आणि हायवेवर गाडी पळवणार नाही असं त्याने कबूल केलं होतं.

"ताई, तुम्हाले माहीत होतं."

"होतं."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"तुह्या मायनं सांगाचं होतं ते."

तो पायाने माती उकरत उभा राहिला. "पण आता कसं करू? योगेंद्रनं कुंभारणीचा व्हिडिओ टाकला. चाळीस हजार लोकांनी पाह्यला. लोक मले रस्त्यात थांबवून इचारून राह्यले. त्याईले काय सांगू, मायनं बूच मारलं म्हणून?"

त्याच वेळी फाटकातून दोन गाड्या आत आल्या. एक बोरगाव मेघेहून आली होती. तिच्या मालकाने काच खाली करून विचारलं, "कुंभारीण इथंच काढतात ना?"

ताईंनी धनंजयकडे पाहिलं आणि त्याच्या हातात टॉर्च दिला.

धनंजय क्षणभर घुटमळला. मग गाडीच्या मागच्या चाकाजवळ उकिडवा बसला, नळीत उजेड टाकला आणि घसा साफ करून म्हणाला, "पाहा, दिसाले बारीक असते. पण लई चिवट." बोरगावचा माणूस वाकून ऐकू लागला. ताई बोनेटखाली डोकं घालून प्रेशर मीटर जोडत होत्या. त्यांनी ते डोकं बराच वेळ बाहेर काढलं नाही.