तुपाविना वरण

सासूबाई नागपूरहून डब्लिनला आल्या आणि आल्या आल्या इथल्या लोण्याचं तूप कढवून त्यांनी आयर्लंडला पास करून टाकलं. तुपाविना वरण म्हणजे त्यांच्या लेखी आजाऱ्याचं खाणं.

माझ्या लेकीची जिवलग मैत्रीण ज्यू आहे. तिच्या प्रार्थनामंदिरातली तिच्याच वयाची मुलंमुली दर रविवारी तिथल्या स्वयंपाकघरात रांधतात आणि कॅनालच्या काठी तंबूत राहणाऱ्या बेघर लोकांना गरम जेवण नेतात. त्या रविवारी लेकीच्या हट्टावरून वरणभात ठरला. वरण आजीचं! पोरगी आठवडाभर हवेत होती, आणि फजिती होईल म्हणून धास्तावलेलीही.

आम्ही तिघी तिथे पोचताच मैत्रिणीने नियम समजावले. मांसाची भांडी लाल खुणेची, दुधाची निळ्या. दोन्हींची सरमिसळ नाही. गॅससुद्धा ज्यू माणसानेच पेटवायचा, म्हणून तोही तीच पेटवणार. जन्मभर सोवळंओवळं पाळलेल्या सासूबाई कौतुकाने मान डोलावत होत्या. मला वाटलं, चला, यांचं जमलं.

सर्वांत मोठं पातेलं लाल खुणेचं होतं. त्यात वरण शिजलं, आणि सासूबाईंनी पर्समधून डबी काढून सगळं तूप वर ओतलं.

मैत्रीण हळूच म्हणाली, की तूप दुधाचं, पातेलं मांसाचं, आता यातलं आम्हाला चालणार नाही. लेकीचा चेहरा पांढराफटक.

"काहून? तुमाले कुठं खायचं हाय? हे त बाहेरच्यायसाठी हाय न!" सासूबाई म्हणाल्या.

माझी लेक मराठी समजते, पण उत्तर कायम इंग्रजीतच देते. आज मात्र तिने आजीचा हात धरला आणि मराठीत म्हणाली, "आजी, ते पण जेवतात. त्या लोकांसोबत बसून. सेम पातेल्यातलं. जे स्वतः खात नाहीत, ते दुसऱ्यांना देत नाहीत."

सासूबाई पातेल्याकडे बघत राहिल्या. आता रुसणार, म्हणून मी देव पाण्यात घातले. तर त्यांनी पदर खोचला.

"मंग डाळ धू लवकर. लोकं भुकेले असतीन."

मैत्रिणीने दुसरं पातेलं आणून गॅस पेटवला. या वेळी फोडणी तेलाची.

कॅनालवर पोचायला उशीर झाला, तरी तंबूतले लोक थांबले होते. मुलांनी त्यांना वाढलं, मग स्वतःला घेतलं आणि तिथेच काठावर त्यांच्या शेजारी बसली. काय अभिमान वाटला म्हणून सांगू! ना उपकाराचा आव, ना फोटो. सासूबाईही एका दाढीवाल्या आजोबांशेजारी बसून ते तुपाविना वरण भुरकत होत्या.

आजोबांनी वाटी चाटूनपुसून "ग्रँड" म्हटलं आणि कोणी केलं ते विचारलं. लेकीने ताठ मानेने आजीकडे बोट दाखवलं.

सासूबाईंनी ते बोट खाली केलं. "सांग त्यायले, आमच्या पोरायनं केलं." आणि त्यांचा हात त्या सगळ्या ज्यू पोरांवरून फिरत फिरत माझ्या लेकीच्या डोक्यावर येऊन थांबला.