संपाच्या नोटिशीवर शिक्का

“नोटीस घेऊ नका. घेतलीच नाही तर संप कसा करतील?” नवे डायरेक्टर मला म्हणाले. माझ्या केबिनबाहेर युनियनचे सेक्रेटरी सावंत पाकीट घेऊन उभे होते.

परळच्या एका खासगी हॉस्पिटलात मी पर्सोनेल ऑफिसर होते. हॉस्पिटलात अचानक संप करता येत नाही. युनियन आधी लेखी नोटीस देते, एक प्रत लेबर ऑफिसला जाते. आम्ही शिक्का मारून पोच द्यायची. मग लेबर ऑफिसर दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवतो. त्याला कन्सिलिएशन म्हणतात.

आमच्याकडे याची रीत ठरलेली होती. सावंत इस्त्रीचा शर्ट घालून यायचे. आधी चहा, मग पाकीट. चहा संपेपर्यंत मागण्यांचा विषय नाही. लालबागच्या गर्दीपासून बांगड्याच्या भावापर्यंत बाकी सगळं. भांडणसुद्धा घरातल्यासारखं वाटायचं. त्या गप्पांची मला अजून आठवण येते.

त्या दिवशी चहा झाला नाही.

“मॅडम, शिक्को मारूक तुमचा काय जाता?” एवढंच म्हणून सावंत परत गेले.

संध्याकाळी डायरेक्टरांनाच धास्ती वाटू लागली. संप झालाच तर पंचाईत नको म्हणून डायलिसिसचे पेशंट दुसरीकडे पाठवायचा हुकूम निघाला. घोडपदेवच्या एका म्हाताऱ्या पेशंटची मुलगी माझ्यासमोर रडायलाच लागली. “मॅडम, कुठेच नंबर नाय लागत. आईला घेऊन जाऊ कुठे?”

मी तडक डायरेक्टरांकडे गेले. “सर, युनियन डायलिसिस कधीच बंद करत नाही. आयसीयू आणि डायलिसिस संपातून वगळतात.”

“तोंडी नको. लेखी आहे का?”

“आहे ना. तुम्ही घेऊ दिलं नाहीत त्या पाकिटात.”

मी खाली युनियनच्या खोलीत गेले, नोटीस घेतली, शिक्का मारला. दुसऱ्या पानावर ते वाक्य होतंच. वर नेऊन साहेबांपुढे ठेवलं. हुकूम मागे घेतला गेला.

पुढे लेबर ऑफिसात बैठका झाल्या, भरपूर आवाज चढले. शेवटी कंत्राटी वॉर्डबॉयना टप्प्याटप्प्याने कायम करायचं ठरलं आणि संप टळला. त्या आजींचं एकही डायलिसिस चुकलं नाही.

मला मात्र परवानगीशिवाय शिक्का मारल्याबद्दल मेमो आला. मी तो मुकाट्याने सही करून घेतला. नाकारून काही उपयोग नसतो, हे साहेबांनीच मला दाखवलं होतं.