सुनंदाताईंचं उतरलेलं वजन

काटा एक्कावन्न किलोवर थांबला आणि मी चक्क टाळ्या वाजवल्या.

"अहो सुनंदाताई, कमाल केलीत! सहा महिन्यांत नऊ किलो?"

सुनंदाताई नंदाखाल गावच्या. वय बावन्न, दिवसभर केळीच्या वाडीत राबणाऱ्या. बीपीच्या गोळ्यांसाठी आगाशीला आमच्या दवाखान्यात यायच्या. मी तिथे नर्स. वजन कमी करा म्हणून मीच त्यांच्यामागे हात धुऊन लागले होते.

बीएमआय काढणं सोपं असतं. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीने भागायचं, आलेल्या उत्तराला पुन्हा त्याच उंचीने भागायचं. आपल्या लोकांत साडेअठरापासून तेवीसच्या आत आला की नॉर्मल. ताईंची उंची दीड मीटर. सहा महिन्यांपूर्वी बीएमआय सव्वीसच्या वर होता, आता बावीस पूर्णांक सात दशांश. मी कार्डावर 'नॉर्मल' लिहून खाली दोन रेघा मारल्या आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

तीन महिन्यांनी त्या आल्या त्या नवऱ्याचा हात धरून. चव्वेचाळीस किलो. ब्लाऊज खांद्यावरून घसरत होता. डॉक्टरांनी कार्ड उघडलं.

"सिस्टर, आधीचे नऊ किलो कसे उतरले?"

"डाएट केलं असेल, सर."

"असेल? विचारलंत?"

"बीएमआय नॉर्मल होता, सर..."

"तो आजही नॉर्मलच आहे. मांडून बघा. या बाई नॉर्मल दिसतात तुम्हाला?"

मी मांडलं. साडेएकोणीस.

तपासण्या झाल्या. मोठ्या आतड्याचा कॅन्सर, लिव्हरपर्यंत पोचलेला. तीन महिने आधी कळलं असतं तर ऑपरेशन जमलं असतं का, असं मी डॉक्टरांना विचारलं. "कदाचित," एवढंच म्हणाले. त्या एका शब्दाने माझी झोप उडाली.

रविवारी मी त्यांच्या घरी गेले. "ताई, मी चुकले हो. तुम्हाला काही विचारलंच नाही मी."

त्या पडल्या पडल्या हसल्या. "त्या दिवशी पोटात दुखतं तेच सांगायला आलेले मी, सिस्टर. पण तुम्ही एवढ्या खूश झालात. म्हटलं, वजन उतरलंय म्हणजे बरंच असणार. उगाच कशाला रडगाणं?"

वर नवऱ्याला म्हणाल्या, "सिस्टरना चहा टाका." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पाच महिन्यांनी सुनंदाताई गेल्या.

बीएमआय वाईट नाही. उंचीच्या मानाने वजन किती आहे ते तो सांगतो, का बदललं ते सांगत नाही. ते विचारायला नर्स ठेवलेली असते. आता कुणाचं वजन उतरलेलं दिसलं की मी पेन खाली ठेवते आणि विचारते, "मुद्दाम कमी केलंत का?" पेशंट "नाही" म्हणाला की कार्ड घेऊन स्वतः डॉक्टरांच्या केबिनमध्ये जाते. बाहेर लाईन लागते, लोक कुरकुरतात. कुरकुरू देत.