बसून घ्यायचं माप

मखमलाबाद नाक्यावर झुंबरबाई विधाते यांचं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. रस्त्याकडं शटर, आत दोन मशीन, कापायचं टेबल आणि कपडे घालून बघायला पडदा लावलेला कोपरा. बासष्टाव्या वर्षीही बाईंच्या हातचं ब्लाउज काखेत ओढत नाही, असं पंचवटीतल्या बायका एकमेकींना सांगतात. पण बाईंना आणखी एक काम येत होतं. ते कुणाला ठाऊक नव्हतं, आणि ते पुन्हा कधी हातून होईल असं त्यांना स्वतःलाही वाटलं नव्हतं.

ते त्या शिकल्या देवळाली कॅम्पात. लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी सासऱ्यांच्या मळ्यातला गुलाब आणि शेवंती घेऊन त्या तिथं दारोदार फिरायच्या. एका बंगल्यात खोर्शेदबाई नावाची पारशी म्हातारी एकटी राहायची. चालणं ताठ, बोलणं मोजकं. तिच्या झग्याखाली विलायती कॉर्सेट असतं हे धोबिणीकडून सगळ्या आळीला कळलं होतं, आणि सत्तरी उलटली तरी म्हातारीला कंबर बारीक दिसायची हौस आहे म्हणून बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. झुंबरबाईही हसायच्या.

एक दिवस फुलं घेता घेता खोर्शेदबाईंनी विचारलं, "झुंबर, तू सुईकाम जानते ना?"

कॉर्सेटची शिवण उसवली होती आणि पुरुष शिंप्याकडं द्यायला त्यांना संकोच वाटत होता. झुंबरबाईंनी ते मांडीवर पसरलं. जाड सुती कापडाच्या बारा कळ्या, दर दोन कळ्यांच्या मध्ये बोटभर रुंदीचं घर, त्या घरात पोलादाची पट्टी, मागं नाडी ओवायला रिंगांच्या दोन रांगा. असलं शिवणकाम त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. उसवलेली कळी त्यांनी समोरच्या बाजूच्या कळीवर ठेवून बघितली, तर डावीकडची अंगठाभर आखूड निघाली. दुसरी बघितली, तीही आखूड.

"बाई, हे कापताना चुकलंय."

खोर्शेदबाई पाठमोऱ्या झाल्या आणि झुंबरबाईंचा हात धरून त्यांनी आपल्या पाठीवर ठेवला. कणा एका अंगाला वळलेला होता, ओढ्यासारखा. लहानपणापासूनचा.

"हे घातला तर मी खुर्चीवर बसते," त्या म्हणाल्या. "नाय घातला तर दिवसभर पलंग."

झुंबरबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवसापासून त्या हसल्या नाहीत आणि त्यांनी ही गोष्ट बाहेर कुणाला सांगितलीही नाही. पुढची चार वर्षं त्या कॉर्सेटची प्रत्येक दुरुस्ती त्यांच्याच हातची. पावसाळ्यात पट्ट्या गंजायच्या, कापडावर तांबूस डाग पडायचे. मे महिन्यात पोलादाखाली घामोळं उठायचं. नाडी ओढायला दुसरं माणूस लागायचं. हे सगळे जाच त्यांनी जवळून पाहिले. शेवटी एक अख्खं नवं कॉर्सेटही शिवून दिलं. त्याचं माप खोर्शेदबाईंनी स्वतः शिकवलं. आधी उभं राहून घ्यायचं, मग खुर्चीवर बसून, आणि दोन्हींत जो फरक पडेल तो कापडात सोडायचा. पुढं भाच्यानं त्यांना सुरतेला नेलं. जाताना आपली शिलाई मशीन त्यांनी झुंबरबाईंच्या घरी पोचती केली. त्या मशीनवरच बाईंनी ब्लाउजं शिवायला सुरुवात केली आणि कॉर्सेट मागं पडलं.

दोन वर्षांपूर्वी सून स्नेहलनं दुकानात शेपवेअर ठेवायला सुरुवात केली. स्नेहल लासलगावची, बोलायला गोड, हिशोबी आणि धडपडी. साडीच्या आतून घालायचे घट्ट परकर, पोट दाबणाऱ्या चड्ड्या, असा माल. झुंबरबाईंनी एक नग हातात घेऊन ताणून बघितला, उलटा करून शिवण शोधली.

"ह्याला हाडंच नाय," त्या म्हणाल्या. "धुवून टाकलं की तासात वाळंल. बाईला एकटीला घालता येतंय. चांगलं हाय की गं."

स्नेहलला हायसं वाटलं. लग्नसराईत माल भराभर जायला लागला.

रूपाली त्याच सुमारास आली. ती एसटीत कंडक्टर, नाशिक-हरसूल गाडीवर. दुसरं बाळंतपण सिझेरियननं झालं होतं, त्याला दहा महिने झाले होते. रजा संपवून ती कामावर रुजू झाली, पण पोट काही आत गेलं नाही. खाकी सदऱ्याची बटणं ताणायची. गाडीतल्या म्हाताऱ्या तिला हात धरून बसवून घ्यायच्या आणि मायेनं विचारायच्या, "कितवा गं?" पहिल्यांदा ती हसली. दहाव्यांदा तिला रडू आलं.

स्नेहलनं तिला मापानुसार एक्सएल काढून दिलं. रूपालीनं ते बाजूला सारलं. "ढिलं घेऊन काय करू, ताई? एम द्या." स्नेहलनं एकदा सांगून बघितलं, मग दिलं.

रूपाली ते पहाटे घालायची आणि संध्याकाळी घरी आल्यावर काढायची. मधे काढणं म्हणजे सगळे कपडे उतरवणं, म्हणून ती दिवसभर पाणीही पीत नव्हती. पाचव्या दिवशी त्र्यंबकच्या पुढं, घाटाच्या वळणावर, तिच्या डोळ्यांपुढं अंधारी आली. तिकिटाचं मशीन हातातून सुटलं आणि ती दोन सीटांच्या मधे खाली बसली. ड्रायव्हरनं गाडी कडेला घेतली. हरसूलच्या बाजाराला निघालेल्या बायकांनी तिच्याभोवती लुगड्यांचा आडोसा केला, ओढून-ताणून ते शेपवेअर उतरवलं, पाणी पाजलं. तिला श्वास आला तेव्हा त्यातली एक म्हणाली, "बाई, जीव मोठा का पोट मोठं?"

दुसऱ्या दिवशी रूपालीनं ते दुकानाच्या टेबलावर आणून ठेवलं. स्नेहलचा चेहरा उतरला. ती बदलून द्यायचं बोलू लागली.

"बदलून नको, ताई," रूपाली म्हणाली. "एवढंच सांगा, माझं पोट आता असंच राहणार का?"

झुंबरबाई मशीनवरून उठल्या आणि रूपालीला पडद्याआड घेऊन गेल्या. मांड्यांवर आणि बरगड्यांखाली लाल वळ उमटले होते. बाईंनी पोटाच्या मध्यावर दोन बोटं ठेवली. ती सहज आत गेली, जणू मधली शिवणच उसवली होती.

"हे शिंपिणीचं काम नाय," त्या बाहेर येऊन म्हणाल्या. "आधी डॉक्टर. मग आपण."

गंगापूर रोडला दिशा नावाच्या फिजिओथेरपिस्ट बसत. झुंबरबाई स्वतः रूपालीला घेऊन तिथं गेल्या. दिशा मॅडमनी तपासून सांगितलं की बाळंतपणात पोटाचे स्नायू मधून विलग झालेत. व्यायामानं ते बरेचसे जवळ येतील, काही महिने लागतील. चहूबाजूंनी आवळून उपयोग नाही, उलट त्रास वाढतो. उभ्यानं काम करताना हलका आधार चालेल, पण बाजारचा पट्टा बसलं की वर सरकतो अशी सगळ्याच बायकांची तक्रार असते.

"सरकणारच," झुंबरबाई म्हणाल्या. "तो उभ्या बाईच्या मापाचा असतोय. बाई काय दिवसभर उभीच ऱ्हाते व्हय?"

दिशा मॅडमनी त्यांच्याकडं नीट पाहिलं. "तुम्ही बनवाल? बनवलात तर मला दाखवायला आणा."

घरी आल्यावर स्नेहल स्वयंपाकघरात पाठ करून उभी होती. "आई, मला बोला तरी. चूक माझी आहे. तुम्ही गप्प बसलात की मला जास्त लागतं."

"दिलं तू, पन चांगलं हाय म्हणून आधी म्हणाले मीच," झुंबरबाई म्हणाल्या. मग त्या पाटावर टेकल्या आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी खोर्शेदबाईंची गोष्ट सांगितली. हसण्यासकट सांगितली. स्नेहल पोळ्या लाटायची थांबली होती.

"म्हणजे जुनंच बरं होतं?" तिनं विचारलं.

"छ्या! ते घालून बसमधी उभं राहून दाखव कुणी. लोखंड लोखंडच. पन ते एका बाईसाठी कापलेलं असायचं, आनि कुठं धरायचं, कुठं सोडायचं हे त्याला म्हाईत व्हतं. हे नवं हाय मऊ, पन सगळ्यांना सारखंच आवळतंय."

रूपालीचं माप आधी उभ्यानं, मग बसवून घेऊन पहिला पट्टा त्यांनी जाड ड्रिलच्या कापडाचा शिवला, प्लास्टिकच्या पट्ट्या घालून. रूपालीनं खाली वाकून बघितलं आणि पट्टी बरगडीत रुतली. दुसऱ्यात पट्ट्या आखूड केल्या, बाजूला साधं इलॅस्टिक लावलं. ते दोन दिवसांत सैल पडलं. झुंबरबाई वैतागल्या. तेव्हा रूपालीनं परत आणलेलं शेपवेअर स्नेहलनं घेतलं, कात्री घातली आणि त्याचे दोन उभे तुकडे काढून टेबलावर ठेवले.

"आई, बाजूंना हे लावून बघा. पुढं-मागं तुमच्या कळ्या."

तिसरा पट्टा असा झाला: पुढं आणि पाठीला सुती कळ्या, दोन्ही कुशींना ताणणारं कापड, समोर हुक, आणि कुशीवर नाडी, जी सदऱ्याआडून एका हातानं सैल करता येईल. रूपाली स्टुलावर बसली, उठली, हात वर करून काल्पनिक दांडा धरला, वाकून जमिनीवरचा दोरा उचलला. पट्टा जागचा हलला नाही. दिशा मॅडमनी तो बघून कामाच्या वेळेपुरता घालायला सांगितला, घरी मात्र व्यायाम.

चार महिन्यांनी रूपाली पेढे घेऊन आली. पोट सपाट झालं नव्हतं, तिनं तसा दावाही केला नाही. पण कंबर दुखायची थांबली होती, दोन बोटांची फट एका बोटावर आली होती आणि परवा ती धाकट्याला कडेवर घेऊन तीन जिने चढली होती. "आमच्या डेपोतल्या दोघी विचारत होत्या," ती म्हणाली. "पाठवू का?"

त्या दोघी आल्या. मग दिशा मॅडमच्या चिठ्ठ्या घेऊन आणखी आल्या: द्राक्षाच्या बागेत दिवसभर हात वर करून काम करणारी, पाठीचं ऑपरेशन झालेली बालवाडीची शिक्षिका. शेपवेअर दुकानातून गेलं नाही. लग्नाला तीन तास घालायला ते छानच दिसतं असं स्नेहल आजही सांगते, फक्त गिऱ्हाइकानं ते घालून खुर्चीवर बसून पोटभर श्वास घेतल्याशिवाय ती कुणालाही विकत नाही. एक नवरीमुलगी यावरून रुसून गेली आणि दोन दिवसांनी मोठं माप न्यायला परत आली.

गेल्या महिन्यात एका दुपारी स्नेहलनं टेप गळ्यात टाकला आणि स्टूल पुढं सरकवलं. "आई, बसा इथं."

"कुणाचं माप घेतीस?"

"तुमचंच. मशीनवरून उठताना रोज भिंत धरता तुम्ही. मला काय दिसत नाही?"

झुंबरबाई नको नको म्हणाल्या, चहा ठेवायचं निमित्त काढलं, पण बसल्या. इतकी वर्षं दुसऱ्यांची अंगं मोजली, त्यांना स्वतःची कंबर किती हे माहीत नव्हतं. स्नेहलनं आठ दिवसांत एकटीनं पट्टा शिवला आणि पडद्याआड नेऊन त्यांना बांधला. बाई बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या. मग उजव्या कुशीवर बोट ठेवून म्हणाल्या, "इथं अर्धा इंच सोड. बाकी झकास जमलंय."

स्नेहलनं लगेच शिवण उसवायला घेतली.