चौकटीतलं सर्टिफिकेट

वडगावच्या त्या विणकराचा चेहरा आजही डोळ्यांपुढून हलत नाही. सकाळची हजेरी चालू असतानाच तो चौकीत धावत आला. "सायेब, बायकू डोळं उघडंना. काल डाक्टरनं खोकल्याचं औषध दिलं, तवापास्नं अशीच पडलीया."

बाईला सरकारी दवाखान्यात हलवलं. सर्जनसाहेब म्हणाले, "पोटात काय गेलंय ते कळल्याशिवाय उतारा देऊ कसा? औषधाची बाटली आणा." बाटली मिळाली, पण कपाळाला हात लावायची वेळ! विणकराच्या घरात रिकामी बाटली कधी वाया जात नाही. याच्या बहिणीने भीतीने उरलेलं औषध ओतून दिलं होतं आणि बाटली धुऊन त्यात मागाच्या धोट्याला लावायचं तेल भरलं होतं.

डॉक्टरला चौकीत आणलं. गडी ताठ बसला. "मी साधं खोकल्याचं औषध दिलं. सर्टिफिकेट भिंतीवर चौकटीत लावलंय. मुंबईच्या डॉक्टरांच्या रजिस्टरात नाव आहे. तार करून विचारा."

तातडीची तार केली. दुपारी उत्तर आलं, नाव आहे, नोंदणी चालू आहे. वरिष्ठ म्हणाले, सोडा त्याला. तिकडे बाईचा श्वास मंदावत चालला होता.

सोडण्यापूर्वी जबाब लिहून घेत होतो. टेबलावर कोरा कागद आणि कात्री पडली होती. बोलता बोलता या गृहस्थाने कागदाची पट्टी कापली, दुमडली आणि कडेला सारख्या अंतरावर खाचा पाडल्या. बाटलीवर डोस दाखवायला चिकटवतात ती पट्टी! अहो, डॉक्टर चिठ्ठी लिहून मोकळा होतो. पट्ट्या कापतो तो कंपाउंडर. मी टाक खाली ठेवला.

"किती वर्षं बाटल्या भरल्यास रं?"

त्याने कात्री खाली ठेवली. "धा वरसं, सायेब. आमचं डाक्टर खानापुरात वारलं. त्येंचंच सर्टिफिकेट लावलं."

"ते राहू दे! बाईला काय दिलंस?"

"घाईत दुसऱ्याच बाटलीतलं वतलं, सायेब. भ्यालो, म्हणून बोललो न्हाय."

औषधाचं नाव लिहून घेऊन शिपायाला सायकलवर दवाखान्याकडे पिटाळलं. संध्याकाळी बाईने डोळे उघडले तेव्हा कुठे मी घोटभर चहा घेतला.

खटल्यासाठी खानापूरहून त्या डॉक्टरच्या मृत्यूचे कागद मागवले. साप चावून मृत्यू, अकस्मात मयत म्हणून नोंद. खाली सही माझीच! त्या वेळी मी खानापूरच्या चौकीत होतो. नाव न वाचताच सही ठोकली होती आणि फाईल बांधून ठेवली होती. मेलेला माणूस डॉक्टर आहे, मुंबईला कळवावं, हे डोक्यातही आलं नव्हतं.

पुढे साऱ्या देशासाठी वैद्यकीय मंडळ झालं. बोगस डॉक्टर सापडला की लोक मंडळाच्या नावाने खडे फोडतात. मला माझी ती सही आठवते. खालून कुणी कळवलंच नाही, तर वरच्या रजिस्टरात मेलेला माणूस जिवंतच राहतो.

बायकोला घरी न्यायच्या दिवशी विणकर चौकीत आला. "तुमच्यामुळं वाचली, सायेब," म्हणत तो वाकला. मी पाय पटकन खुर्चीखाली ओढून घेतले.