नितेशदादाची बातमी खोटी नव्हती

काल दुपारी बाराच्या सुमारास मी आमच्या भावकीच्या ग्रुपवर लिहिलं, "फेक आहे. कोणीही पुढे पाठवू नका."

तेव्हा माझा चुलतभाऊ नितेश जाऊन तीन तास झाले होते.

हे आधी लिहिते, कारण सकाळपासून "तुझी चूक नाही" असे मेसेज येतायत. चूक माझी आहे. कशी झाली ते नीट सांगते.

तुमच्यापैकी काहींना नितेशदादा माहीत आहे. बाकीच्यांसाठी सांगते. नेरळजवळच्या पोशीर गावचा. वय सत्तावीस. कंबोडियात एका क्लबकडून फुटबॉल खेळायचा. फॉरवर्ड.

भात कापल्यावर शेतात धसकटं उरतात ना, त्यातून अनवाणी बॉल घेऊन पळायला शिकला. "पाय टेकला की टोचतं, मंग टेकवायचाच नाय," म्हणायचा.

पुढे मोहोपाड्याच्या कॉलनीतल्या टूर्नामेंटमध्ये कोणीतरी त्याला पाहिलं आणि मुंबईला नेलं. मग गोवा. मग नेपाळ, मालदीव, आणि गेली दोन वर्षं कंबोडिया.

परदेशात खेळतो म्हटलं की लोकांना युरोप वाटायचं. तसं नव्हतं. वर्षावर्षाचं कॉन्ट्रॅक्ट, तिघांत एक खोली, पहिल्या सीझनला निम्म्या मॅच बेंचवर. त्यानं हे कधी लपवलं नाही. मीही वाढवून सांगणार नाही.

काकूला, म्हणजे त्याच्या आईला, फुटबॉल कळायचा नाही. एकदा व्हिडिओ कॉलवर तिनं विचारलं,

"फॉरवर्ड मंजे काय रं?"

"सगळ्यांच्या पुढं असतो तो, आई."

"मंग मागचं कोन बघतं?"

"मागं बाकीचे हायत ना."

"बापावर गेलायस. शेतात पन तो पुढं, नि मागचं सगळं माज्यावर."

दादाच्या हातातून फोन पडायचा राहिला, इतका हसला.

मी प्रत्येक गोष्ट तपासते म्हणून तो मला लाइनमन म्हणायचा. ऑफसाइडला झेंडा वर करणारा तो लाइनमन. काकूला वाटायचं, विजेच्या खांबावरचा. "लाइट गेली की हिलाच चढवू," म्हणायची.

आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिली. आधारकार्डापासून दादाच्या कॉन्ट्रॅक्टपर्यंत सगळं वाचायला माझ्याकडे येतं. मी वाचलं की ते खरं, असं घरात ठरूनच गेलंय.

गेल्या वर्षी 'पोशीरच्या नितेशची युरोपातल्या मोठ्या क्लबमध्ये निवड' असा मेसेज फिरला. काकूनं अख्ख्या आळीत पेढे वाटले. संध्याकाळी दादाला फोन केला तर तो म्हणाला, "कोन बोलला? मी हितं कपडे धुतोय."

काकू आठवडाभर घराबाहेर पडली नाही.

तेव्हा मीच नियम केला. दादाबद्दल काहीही फॉरवर्ड आलं की आधी मला दाखवायचं. मी खात्री करून ग्रुपवर लिहीन. तोवर कोणी काही मानायचं नाही.

काल फॉरवर्ड आलं. 'प्रॅक्टिस करताना मैदानावर कोसळून निधन.'

मी नेरळला ऑफिसात होते. तिथेच बसून तपासलं.

आडनाव चुकलेलं. फोटो नेपाळच्या जर्सीतला. क्लबचं नाव मालदीवचं. आणि सकाळीच दादाचा व्हॉइस मेसेज आला होता, "आज हलकी प्रॅक्टिस हाय, दुपारी फोन करतो."

मी त्याला फोन लावला. वाजला, उचलला नाही. मला वाटलं, प्रॅक्टिस करून झोपला असेल.

चार पुरावे होते माझ्याकडे. मी लिहिलं, फेक आहे.

तोवर आळीतल्या बायका काकूच्या दारात रडत आल्या होत्या. काकूनं घाबरून मला फोन केला. मी म्हटलं, "खोटं आहे काकू, मी बघितलंय."

फोन चालू ठेवूनच ती त्यांच्यावर ओरडली,

"माज्या जित्या पोराला रडाया आलात? आमच्या पोरीनं बघितलंय, खोटं हाय! निघा!"

ते ऐकून मला बरं वाटलं होतं. हेही लिहायला हवं.

दीड वाजता कंबोडियाचा अनोळखी नंबर आला. क्लबचा मॅनेजर. त्यानं इंग्रजीत विचारलं, तुम्ही नितेशच्या बहीण ना?

दादाच्या फॉर्मवर घरच्यांच्या रकान्यात माझा नंबर होता. नातं, बहीण. चुलत लिहिलं नव्हतं.

पुढचं मी तीनदा विचारलं. तीनदा तो तेच बोलला.

मी रिक्षा करून पोशीरला गेले. काकू जेवून भांडी घासत होती. मी सांगितलं. तिनं हात धुतले, पदराला पुसले.

"नाय गं. तूच बोललीस ना, खोटं हाय."

"काकू, माझं चुकलं."

"तुजं चुकत नाय."

संध्याकाळी माझ्या बाबांनी सांगितलं. सरपंचांनी येऊन सांगितलं. ती प्रत्येकाला एकच म्हणत होती, "आमच्या पोरीनं लिवलंय." बायका पुन्हा आल्या, तर तिनं दार लावून घेतलं.

कोणी म्हणतं, निदान दीड तास तरी तू तिला सुखाचा दिलास. मला तसं म्हणता येत नाही. माझ्या एका ओळीमुळे तिला अजून रडता आलेलं नाही.

आज सकाळी मी तिच्याजवळ जाऊन बसले. खाली ठेवलेला माझा फोन उचलून तिनं माझ्या हातात दिला.

"मंग लिव," म्हणाली. "सगळ्यांना दिसंल असं लिव. नि मला वाचून दाखव."

म्हणून लिहिते आहे. ती शेजारीच बसली आहे.

परवा दादाला आणतील. कागद मीच भरते आहे. प्रत्येक रकाना दोनदा वाचते.

काकू, आपला नितेश गेला. मी खात्री केली आहे.

नितेशदादा, तुला आम्हा सगळ्यांचा शेवटचा नमस्कार.